बासष्टचं मॉडेल

गाडी नवी घ्यावी का जुनी, हे मला नका विचारू. एकदा सांगून बसलोय.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मी झरीच्या एका जमीनदाराकडं ड्रायव्हर होतो. मालकीणबाईंना दम्यानं बेजार केलं होतं. एक दिवस त्या मालकाला म्हणाल्या, "बंद गाडीत जीव गुदमरायलाय माझा. उघड्या टपाची आणा, एकदा गंगाखेडला गोदावरीवर जाऊन येऊ."

मालक मला घेऊन हैदराबादला गेले. एका नवाबाच्या घरी तसल्या दोन विलायती गाड्या विकायच्या होत्या. पंचावन्नचं मॉडेल चालू होतं, त्याच दिवशी आणता आलं असतं. बासष्टचं लय देखणं, पण त्याचा गिअरबॉक्स उघडलेला. महिना लागणार होता.

"तू सांग, कोणची घ्यायची?" मालकानं विचारलं.

मला ती देखणी चालवायची हौस. मी म्हणालो, "नवीच घ्या मालक. महिन्यानं काय फरक पडतोय?"

बाई बाविसाव्या दिवशी गेल्या. त्यांचा दहावा उरकून आम्ही घरी आलो, तर हैदराबादचा माणूस गाडी घेऊन दारात उभा.

मालक गाडीत बसले न्हाईत. मला म्हणाले, "जुनी आणली असती, तर तिचं गोदावरीला जाणं झालं असतं का रं?"

"न्हाई मालक. बाईंना घरातून हलवायचं न्हाई, असं डॉक्टरनं मला सांगितलं होतं."

"मग मला कसं न्हाई सांगितलं?"

"तुमच्या जिवाला लागंल म्हणून."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेले. डॉक्टर माझ्याशी कधी बोललाच नव्हता.