न धुतलेला एप्रन

लेक: नाही बाबा, दोष बियाण्याचा नाही. तिन्ही पाकिटं प्रयोगशाळेत तपासली, स्वच्छ निघाली.

बाबा: मग हे टोमॅटो काय माझ्यावर रुसलेत? तुझी आई गेल्यापासून चार वर्षं हेच. माती बदलली, बी बदललं, कात्री रोज उकळतो. तरी पॉलिहाऊसच्या दाराजवळच्या पहिल्या ओळीपासून पानं चितकबरी होतातच.

लेक: विषाणू आहे. नवा, कुणाच्याच यादीत नसलेला. त्याची सगळी जनुकं वाचली मी, अक्षर न् अक्षर.

बाबा: वा. म्हणजे तुझं नाव होणार.

लेक: ऐका तर. आईने एकदा मला पाकिटातून टोमॅटोचं पान पाठवलं होतं, आठवतं?

बाबा: न आठवायला काय झालं? "लेकीला कळेल," म्हणाली. तू फोनवर सांगितलंस, ऊन लागलंय.

लेक: न तपासताच सांगितलं. ती म्हणत होती, हे उन्हाचं नाही. मी म्हटलं, आई, मला शिकवू नकोस.

बाबा: हं.

लेक: ते पान माझ्या वहीत तसंच होतं. परवा तपासलं. तोच विषाणू, चारच अक्षरांचा फरक. तो बाहेरून येत नाही, बाबा. तेव्हापासून इथेच राहिलाय.

बाबा: कशावर राहील? तिच्या वेळच्या कुंड्या, दोऱ्या, सगळं टाकलं मी.

लेक: आणि तिचा एप्रन?

(बाबा दारामागच्या खिळ्याकडे पाहतात.)

बाबा: तो कुणी घालत नाही.

लेक: हात लावता?

बाबा: सकाळी आत शिरताना, एकदाच. "आलो गं," म्हणतो आणि कामाला लागतो.

लेक: पहिल्या ओळीपासून.

बाबा: हो.

लेक: कधी धुतलात?

बाबा: धुतला असता तर तिचा वास गेला असता.

लेक: त्यावर झाडांच्या रसाचे डाग आहेत. वाळलेल्या रसातही हा तग धरतो. आता नुसतं धुऊन भागणार नाही, जाळावा लागेल, नाहीतर यंदाचंही पीक जाईल.

बाबा: म्हणजे मीच रोज...

लेक: तुम्ही नाही. मी तेव्हा पान तपासलं असतं, तर तिनेच धुतला असता.

बाबा: त्या विषाणूला नाव काय देणार? तिचं देऊ नकोस.

लेक: नाही देणार. ही पिशवी घ्या. हातमोजे घाला आधी.

बाबा: तिच्या वस्तूला हातमोजे? बरं, आण. पण घडी घालूनच देईन. चोळामोळा तिला खपायचा नाही.

लेक: घाला सावकाश. मी थांबते.

बाबा: आणि उद्या सकाळी आत शिरताना हात कुठे लावू, तेवढं सांगून जा.