भोंग्याविना मॅचेस

दहिवलीच्या शाळेत बाळांच्या हृदयाची मोफत तपासणी होती. झैदला मांडीवर घेऊन तस्लीम रांगेत बसली होती. पुढं म्हातारे येसाजी आणि अंबाबाई नातवंडं घेऊन बसले होते.

"याचा खर्च कोण करतं, भावजी?"

"जितेशच्या पोरीच्या नावानं मॅचेस भरवल्या ना, त्यातून."

"काळजाला भोक होतं ती? रडली की निळी पडायची?"

"तीच. मॅचेसच्या आधीच ऑपरेशन झालं तिचं."

"मॅचेस कवा झाल्या? आवाज नाय आला."

"जितेशचं घर मैदानाशेजारीच, पोर आत निजलेली. म्हणून भोंगा नाय, शिट्टी नाय. सिक्स गेला तरी नुसते हात वर."

"आन कॉमेंट्री?"

"मनोजनं केली, फळ्यावर खडूनं."

"आऊट दिल्यावर भांडले कसे?"

"खुणांनी. अंपायर मीच होतो. त्या खुणा तुला सांगता यायच्या नाय."

"शेवटपर्यंत गप?"

"फायनलचा शेवटचा बॉल राहिला आन पोर उठली. जी रडाय लागली! मॅच थांबवली आमी. जितेश तिला दारात घेऊन आला."

"निळी?"

"नाय गं. टमाट्यासारखी लाल."

"मग?"

"मग काय, भोंगा लावला."

तेवढ्यात झैद रडायला लागला. तस्लीमनं त्याला गप केलं नाही. ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली.