गुरुवारची सुट्टी

तुम्ही सगळ्या म्हणता ना, मी मुलीच्या फार मागे लागते? मग परवाचं ऐका.

आमच्या सहा वर्षांच्या सईला गुरुवारी अबॅकसच्या क्लासला सोडायचं काम माझ्या सासऱ्यांकडे असतं. मी ऑफिसमधून येताना आकुर्डीला उतरते तोच टीचरचा फोन, “सई आज आलीच नाही.” रिक्षा करून घर गाठलं, तर आजोबा आणि नात सोसायटीच्या बाकावर भेळ खात बसलेले.

“बाबा, क्लास?”

“आज गुरुवार. सुट्टी,” सासरे म्हणाले. आपल्याकडे कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, आणि बाबा रिटायर झाले तरी त्यांचा गुरुवार काही रिटायर झालेला नाही.

“पण ती कुठे कंपनीत जाते?”

“शाळा सुटली की रोज दुसरी शिफ्टच असते की तिची. डान्स काय, इंग्रजी उच्चारांचं ते फोनिक्स काय. एवढं तर मीही केलं नाही.”

मी दमले होते, म्हणून जरा तोडूनच विचारलं, “तुम्ही ह्यांच्याकडून काहीच अपेक्षा केली नव्हती?”

“केली ना. दहावी पास व्हावं आणि दिवेलागणीला घरी यावं. दहावी झाला.”

दिवे लागले होते, आणि गुरुवार असूनही ह्यांची शिफ्ट अजून संपायची होती. माझा चेहरा बघून सईनं हळूच माझा हात धरला.

“मम्मी, रागावू नको. मी रविवारी ओव्हरटाइम करते.”

सासरे हसले. मीही हसले. पण खरं सांगू, मनात मी रविवारच्या बॅचची वेळ आठवत होते.