हातावरचा जांभळा शिक्का

आपल्या रत्नागिरीत नाइटक्लब उघडला, नवरा म्हणाला एकदा जाऊया, आणि झोप उडाली माझी! चार वर्षांची लेक मुक्ता माझ्याशिवाय कधी झोपलेली नाही. मधेच उठून रडली तर? सासूबाई म्हणाल्या, "जा गो, मी आहे ना."

गेलो दोघं नवरा-बायको. दाराला आंब्याचं तोरण, उंबऱ्याशी नुकताच फोडलेला नारळ, उदबत्तीचा वास. दारावरचा दांडगा माणूस म्हणाला, "मॅडम, हात."

मी उजवा तळहात पुढे केला. खाली डावा धरून, तीर्थ घेतात तसा. तो बघतच राहिला.

नवरा कुजबुजला, "अगं, पालथा कर!"

मग कुठे जांभळा शिक्का बसला. आत मी नाचले की नुसतीच उभी होते, देव जाणे. डोक्यात मुक्ताच.

सकाळी खोबरेल झालं, बेसन झालं, शिक्का काही जाईना. रात्री कुठे गेले होते, हे लेकीला काय सांगायचं? तेवढ्यात तिने माझा हात धरलाच. रविवारी शाई लावलेलं आपलं बोट शिक्क्याशेजारी ठेवून म्हणाली,

"आई, तुला पण पोलिओचा डोस दिला? रडलीस? मी नाही रडले."