एकाच नंबरचे दोन डबे

सुचेता : ...नाही हो गजाननराव, तार उंदराने कुरतडलेली नाही. बॉयलरपासून कागदाच्या मशीनपर्यंत सकाळी हाताने चाचपत आलेय मी. उंदरालासुद्धा तुमच्या भांडणात पडायचं नसावं.

गजानन : मंग हे वाफ आन कागद मोजायचे डबेच खोटे. परदेशी माल तो! आमच्या खालापूरची हवा मानवली नसंल.

सुचेता : सोमवारी मानवली होती. सोमवारी या पडद्यावर दोन्ही डब्यांचे आकडे स्वच्छ येत होते. आज नुसता कचरा येतोय. हिरामणराव, तुम्ही का गप्प?

हिरामण : मी कागदाच्या मशीनवरचा. वाफेचं बॉयलरवाल्यांना विचारा.

सुचेता : बॉयलरवाले तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसलेत. चुलत भाऊ आहेत तुमचे.

हिरामण : तरी तुमीच विचारा.

सुचेता : विचारते. भिसेगावाहून एसटीला लोंबकळत येते ती याचसाठी. इंजिनियर झाले ते उगाच, नुसतं निरोप्या व्हायचं तर दहावीसुद्धा लागत नव्हती. बरं, गजाननराव, बॉयलरचा डबा उघडला होता का?

गजानन : कोण, मी? छ्या! जरा पुसला फकस्त. कोळशाची धूळ बसते.

सुचेता : आतले नंबर लावायचे बारीक खटकेही पुसले?

गजानन : पुसताना एखादा सरकला असंल.

सुचेता : नेमका असा सरकला, की दोन नंबरच्या डब्याचा एक नंबर झाला. धूळ फार हुशार आहे तुमच्याकडची.

गजानन : आवो मॅडम, आता तोंड उघडाया लावू नका! ह्यांच्या मशीनवरचा नागू सगळ्या कंपनीत सांगत फिरतोय, कागदवाले एक नंबर आन बॉयलर दोन नंबर. बॉयलर नाय पेटला तर कागद काय अंगणात वाळत घालणार? पापड हायत काय ते?

हिरामण : मॅडम, त्यांना सांगा, कागद नसंल तर वाफेवर मोदक करा.

सुचेता : अहो, तो मानाचा नंबर नाही! माझे बाबा कर्जतच्या शाळेत मास्तर आहेत. ते हजेरी घेतात ना, तसं आहे हे. हा कॉम्प्युटर नंबर पुकारतो, ज्याचा नंबर तो बोलतो, बाकीचे गप्प बसतात. एका तारेवर एका वेळी एकच बोलणार. आता एक नंबर पुकारला की दोन्ही डबे एकदम ओरडतात. कॉम्प्युटरला काय कळणार, कपाळ?

हिरामण : आमच्या गुरवाचं तेच होतं.

सुचेता : कोणत्या गुरवाचं?

हिरामण : बहिरीच्या जत्रेला मानाचा पहिला नारळ आमच्या घराचा. आमचं घर थोरलं.

गजानन : घर थोरलं, पन माणूस धाकटा! वयानं मी मोठा. पहिला नारळ मोठ्याचा.

हिरामण : म्हणून सहा वर्षं दोघं एकदमच फोडतो. गुरव डोकं धरून बसतो.

सुचेता : वा! म्हणजे देवाच्या लाइनवरही हाच घोटाळा. सहा वर्षांत देवाने तुमचं काही ऐकलंय का?

गजानन : ...नाय बा. तसं काय दिसलं नाय.

सुचेता : ऐकेल कसा? बरं, मी खटके परत लावले, तर माझी पाठ वळताच पुन्हा धूळ बसेल. मग असं करू. एकाला सात, एकाला आठ. एक नंबर कुणालाच नको.

गजानन : सात कुणाला?

सुचेता : देवा रे! तीन वाजता मुंबईचे साहेब येतायत. पडद्यावर हाच कचरा दिसला तर तार काढून टाका म्हणतील, आणि वाफेची खबर पुन्हा माणसाच्या पायांनी जाईल. आणि मग काय होईल, ते हिरामणरावांच्या उजव्या हाताकडे बघून सांगा.

हिरामण : हात राहू द्या मॅडम.

सुचेता : का राहू द्या? मागच्या पंधरवड्यात ह्यांच्या मशीनवर वाफेच्या नळाचा सांधा फुटला. हातभरावर फोन होता. उचलून "वाफ बंद कर" म्हणायचं, की झालं. पण ह्यांनी निरोप घेऊन कुणाला धाडलं? नागूकाकांना! दम्याचा माणूस, आवार ओलांडून बॉयलरवर पोचेपर्यंत ह्यांचा हात भाजून निघाला. मला भीती वाटते हो. त्या वेळी हातावर निभावलं. पुढच्या वेळी तोंडावर वाफ आली तर?

गजानन : फोन केला असता तर मी काय ह्यांना खाल्लं असतं? एका झटक्यात वाफ तोडली असती! नागू आला, तवा मी च्या पीत होतो. त्या दिवसापासून च्या गोड लागत नाय मला.

सुचेता : हे मला कशाला सांगताय?

गजानन : तुमालाच सांगतोय. ...आन आमची बायको धोंडूबाई त्यांच्या घरी मलम घेऊन गेली ती कुणाच्या सांगण्यावरून, तेबी विचारा त्यांना.

हिरामण : वहिनी म्हनली, मीच आणलं.

गजानन : म्हननारच. मीच शिकवलं तसं.

सुचेता : साहेबांना घेऊन जीप निघालीय चौक गावाहून. बोला, नंबर कुणी बदलायचा?

गजानन : त्यांच्या हाताला पट्टी. डाव्या हातानं बारीक खटके सरकवतील आन भलतंच लावतील. त्यापेक्षा मीच माझा दोन करतो. पन लिहून ठेवा मॅडम, मान सोडलेला नाय. पट्टी हाय म्हणून.

सुचेता : दगडावर कोरते. पळा!

(गजानन बॉयलरवर जाऊन परत येतो.)

सुचेता : आले! बघा, एकने कागदाचं सांगितलं, दोनने वाफेचं. तुम्ही दोघं सहा वर्षांत बोलला नाहीत, तेवढं हे डबे आत्ताच बोलून बसले.

हिरामण : मॅडम, त्यांना सांगा...

सुचेता : तार जोडली. आता निरोप्या बंद.

हिरामण : ...दादा, यंदा जत्रेला पहिला नारळ तू फोड. मला जमायचं नाय. पट्टी हाय म्हणून.

गजानन : पट्टी हाय म्हणून. समजलं. ...लई दुखतो काय रं?

हिरामण : आता नाय.