धोंड्याच्या वाणाची गाडी

न्हाई न्हाई, कीक मारू नका जावईबापू. आत्ताच न्हाई. या, हितं बाजंवर बसा, सावलीत — उन्हात कामून उभं ऱ्हाता, कपाळावरचं कुकू वघळायलंय तुमचं. निघायची घाई हाय, कळतंय मला, पर पुढच्या ब्रेकाचं जरासंच ऱ्हायलंय, तेवढं बघू आन मग बोलू. समदं घर आडवं झालंय पुरण खाऊन. तुमचाबी लागला होता की डोळा — घोरत होता, म्या बघितलं, हितंच गाडीपाशी बसून बघत होतो. राग नका मानू. सासुरवाडीत जावई घोरला म्हंजे पोटभर जेवला, असं आमी समजतो.

कशी दिसायली, सांगा ना. लाजू नका. राजदूत हाय म्हणून कुणी वळखंल का हिला? गोठ्यात होती, कडब्याखाली. माझ्या बापानं, येडबा नाव त्याचं, मेंढरं इकून घेतली होती — मातारा गेला आन गाडी भुसकटात गेली. सीट फाटून खड्डा पडला होता, त्यात कोंबडी अंडी घालायची. मडगार्ड हातात धरलं तर बिस्कुटावानी मोडलं. लोकं म्हणायची, रामकिशन, भंगारवाल्याला घाल — म्या म्हणलं घालतो, तुलाबी संगंच घालतो. पर तुमी दिवाळीला आलात, तुमाला ही दिसली, आन तुमी काय म्हणला? मामा, जुन्या गाड्यांचं आता लय याड हाय लोकांला, ही नीट करून धोंड्याला मला द्या, आमच्या बोरीत असली कुणाकडंच न्हाई, मी हिच्यावर व्हिडिओ काढतो. धोंड्याच्या महिन्यात जावयानं मागितलं तर न्हाई म्हणायचं असतं का? लोकं अनारसे देतेत, तांब्याचं ताट देतेत, लय झालं तर अंगठी. म्या म्हणलं एकच लेक हाय, एकच जावई हाय, देऊन टाकू गाडी.

मग लागलो कामाला. इंजिन खोललं, समदं घासलेटात धुतलं, रिंगा नव्या घातल्या. सहा व्होल्टाचं काढून बारा व्होल्टाचं केलं, जुने पॉइंट फेकले, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं — आता पहिल्या कीकला फटफट करती. पुढं पांढरा लाईट, चाकाला डिस्क ब्रेक, तोबी दुसऱ्या गाडीचा, लेथवर पकडायचे कान करून घेऊन बसवलेला. आन टाकी! टाकीचा रंग बघा. ह्या कामाला घाई चालत न्हाई, जावईबापू. आधी आतला गंज काढायचा, मग खड्ड्यांत लांबी भरायची, मग पाण्यातला पालिश कागद मारायचा, मग रंगाचा पहिला हात द्यायचा आन वाळू द्यायचं. तसल्लीनं. म्या पहिला हात दिला, उन्हात नेऊन बघितलं तर एका जागी फोड आल्यावानी दिसलं — समदा रंग पुन्हा खरवडला. तुमची सासू, चतुराबाई, म्हणली, कुणाला दिसायलंय ते? म्या म्हणलं, मला दिसायलंय ना. तवाच प्रियांकाचा फोन आला होता, याद हाय का तुमाला? मागून तुमचा आवाज येत होता. बाबा, गाडी कवा व्हती? म्या म्हणलं बाई, रंग वाळायचाय. मग पुन्हा फोन — बाबा, गाडी? म्या म्हणलं बाई, ब्रेकाची प्लेट नांदेडहून यायचीय. मला वाटलं, जावयाला लय हौस हाय. बरं वाटलं मला. माझ्या बापाच्या गाडीची कुणाला तरी हौस हाय, म्हणून बायकोला कौतुकानं सांगितलं बी.

कुठं उठायलात? पाणी पाहिजे का? तांब्या तुमच्या हाताशीच हाय की. प्या. सकाळी पाय धुतले तुमचे, ते आवडलं का? आमच्यात धोंड्याला लेक-जावई म्हंजे लक्ष्मीनारायणाचा जोडा — पाटावर बसवायचं, सासूनं पाणी वतायचं, सासऱ्यानं पाय चोळायचे. तुमचे पाय लय मऊ हायत हो, दुकानात बसणाऱ्या माणसाचे. तुमचे झाले, मग लेकीचे घेतले. लहान होती तवा धुतले, लग्नात धुतले, आन आज. आन तिनं पाय आखडला. म्या म्हणलं कामून गं? साडीचा काठ जरासा वर झाला — पोटरीवर बोटभर लांब डाग, सरळ, काळपट, खपली आत्ता कुठं धरायलेली. म्या इचारलं, हे काय? आन तुमी दोघं एकदमच बोललात — सायलेन्सर लागला. एकदमच! शाळेत लेकरं कविता म्हणत्यात तसं.

चार पाव्हणे बसले होते. पाय पुसला, दोघांला कुकू लावलं, गाडीची किल्ली वाणाच्या ताटात ठेवून तुमच्या हातात दिली. हसलो बी, फोटोत बघा.

पर मला एक सांगा — न्हाई, तुमी नका सांगू, मीच सांगतो. तुमची ती नवी गाडी, बोरीला घरी ठिवून आलात ती, तिचा सायलेन्सर उजव्या अंगाला. साडीतली बाई मागं बसती ती एकाच बाजूनं, दोनी पाय डाव्या अंगाला. मग उजवीकडला सायलेन्सर तिच्या पोटरीला कसा लागला? गाडीखालनं हात लांबवून आला का? आन सायलेन्सर गोल, त्याचा डाग पसरट उठतो — हे बघा माझ्या हातावर, हा एक, हा दुसरा. असला उठतो. तिचा सरळ हाय. कडेचा. उलथन्याच्या कडेचा, गॅसवर धरून तापवलेल्या. तुमाला कामून घाम फुटायलाय? सावली हाय की.

तरीबी म्या मनाला म्हणलं, रामकिशन, तू मशीनीतला माणूस, उगं माप काढत बसतोस, झालं असंल कायतरी. जेवणं झाली, तुमी आडवे झालात, मी पाना आणायला सैपाकघराच्या मागं गेलो. भिंत पत्र्याची, आतलं समदं ऐकू येतं. माय-लेकी भांडी घासत होत्या. लेक सांगत होती — माय, ते इचारायचे, तुझ्या बापाची गाडी कवा व्हती? म्या म्हणायची, रंग वाळायचाय. की बसली चापट. प्लेट यायचीय म्हणलं, त्या दिशी उलथनं. कळलं का जावईबापू? म्या हितं एक फोड दिसला म्हणून समदी टाकी खरवडत होतो, तसल्लीनं, बिडी वढत, आन माझ्या एकेका दिसाचा दंड तिकडं माझी लेक भरत होती. पत्र्याला धरून रडलो, खोटं कशाला बोलू. आन मग ती काय म्हणली, ऐका — आता गाडी मिळाली ना, माय, आता न्हाई मारायचे ते. हसून म्हणली. मायला बरं वाटावं म्हणून हसली. आन तिची माय बी व्हय म्हणली.

हां, ब्रेकाचं सांगत होतो. हा ब्रेक लय चांगला, पर त्याचं समदं तेलावर हाय. वर लिवर दाबला की तेल ह्या पाईपातनं खाली उतरतं आन चाक धरतं. हा बोल्ट बघा, पाईप बसतो तिथला. हा बराबर आवळलेला पाहिजे. जरा ढिला असला तर लगोलग कळत न्हाई, हीच तर गंमत हाय. अंगणात दाबला, लागतो. देवळापाशी दाबला, लागतो. फाट्यापस्तोर लागतो. दर येळी दाबलं की थेंब थेंब तेल बाहीर — आन मग जिंतूरच्या अलीकडचा तो उतार, खाली पुलाचं वळण, तिथं दाबायला जावं तर लिवर नुसता मुठीत येतो. पोकळ. मागचा ब्रेक हाय की, म्हणचाल. त्याचं लायनर घासलंय, ते बदलायचं ऱ्हायलं, उताराला तो नुसता वरडतो, धरत न्हाई. ते तर मला म्हाईतच होतं, म्हणून तर दुपारी हा बोल्ट ढिला केला तवा — ढिला केला म्हंजे — ढिला ऱ्हायला. ऱ्हायला, असं म्हणायलो मी.

बसा! बसा म्हणलं ना.

बरं. ढिला केला. म्याच केला, तुमी घोरत होता तवा. तोंडातनं निसटलंच, आता कशाला झाकू? मला वाटलं तुमी एकटे जाचाल. धोंड्याला लेक माहेरी चार दिस ऱ्हाती, जावई वाण घेऊन पुढं जातो — आमच्या चारठाण्यात घरोघरी असंच हाय, माझ्या बहिणीचं असंच, माझ्या बायकोचं असंच. त्यात काय इचारायचं असतं, म्हणून म्या कुणाला इचारलंच न्हाई. आन मघाशी बघतो तर कॅरिअरला दोन पिशव्या बांधलेल्या. एक तुमची, एक तिची. तुमी झोपेतनं उठून तिला म्हणला, चल, आन ती चालली. एका शब्दावर. तवापसनं हा पाना हातात घेऊन बसलोय मी. आवळावा तर तुमी घरी पोचता, तीबी पोचती, आन तिथं कायतरी उशिरा व्हतंच की — दूध उशिरा, भाकर उशिरा. उलथनं तर रोजच चुलीपाशी असतं. न आवळावा तर मागं माझीच लेक बसलेली. सांगा, काय करावं रामकिशननं? मला भ्या वाटायलंय जावईबापू. तुमचं न्हाई, माझं. दुपारी बोल्ट फिरवताना माझा हात जरासुद्दा हालला न्हाई.

पोलिसात जाचाल? जावा की. सासऱ्यानं धोंड्याच्या दिशी ब्रेक ढिला केला म्हणून सांगा. मग मी पोटरीचं सांगतो. आन तिला हाका मारू नका. वरडू नका. अजून तुमी-तुमी करून बोलायलोय, कारण ह्याच हातानं सकाळी पाय धुतलेत तुमचे, तेवढी इज्जत ठिवायलोय. तेवढीच ऱ्हायलीय.

— कवापसनं उभी हायेस गं? प्रियांका? समदं ऐकलंस का? बाई, मी — न्हाई, तू आत जा, मी बघतो काय ते. पाना कशाला तुला? बरं, घे. घे बाई. तुला येतंच की, इहिरीवरची मोटर खोलताना माझ्या जोडीला तूच असायचीस. आवळायचा असला तर आवळ. तू म्हणशील तसं. मी काई म्हणणार न्हाई.

सरका जावईबापू, तिला वाकू द्या. बोलू नका तिच्याशी. बघू द्या तिला. बोल्टाला बोट लावलं. तेलाचं बोट बघायली. पदराला पुसलं… आन हे काय, पाना मला कामून देतीस माघारी? आवळला न्हाईस? बाई, आवळला न्हाईस तू — कळतंय का तुला, तेल गळायलंय अजून — कळतंय म्हणतीस. बरं. कुठं चाललीस? गाडीच्या मागं कशाला…

बघा. पिशवी सोडायलीय. तिची सोडली. तुमची तशीच ठिवली — तशीच न्हाई, दोरी वढून गाठ पुन्हा पक्की केली बघा. सवय हाय तिला, तुमचं समदं नीट करून द्यायची. तुमच्याकडं बघितलं बी न्हाई तिनं. आत गेली. ऐकलं का? कडी घातली. आतनं.

मग, उठा आता. किल्ली तुमच्याच खिशात हाय. वाण दिलं ते दिलं, आमी परत मागत न्हाई. पायी जायचं असलं तर फाट्यावर जीप मिळती, गाडीवर जायचं असलं तर गाडी ही उभी हाय. मी अडवत न्हाई आन बोल्टबी आवळत न्हाई. लेकीनं आवळला न्हाई, ते मी कशाला आवळू? पाना? पाना न्हाई देत. दार बडवून उपेग न्हाई, ती उघडणार न्हाई आता. माझ्याकडं काय बघायलात? जावा. उजेड हाय तवर निघा.