अकरा माणसांचं जेवण

—नाय नाय, सही माझीच हाय वकीलसाहेब, मी कुठं नाय म्हणतो? 'सत्तार' — ह्यो 'त्ता' बघा, पाय फाकून उभा ऱ्हायलाय, असा 'त्ता' साऱ्या आंबेगाव तालुक्यात दुसरं कोण काढत नाय. पण सही माझी म्हंजे आकडाबी माझा, असं कुठल्या कायद्यात लिवलंय? बसा. आधी चहा घ्या. पुण्यावरनं शिनोलीपर्यंत यायचं म्हंजे कंबर ढिली झाली असंल. ह्या माहितीच्या अधिकारानं लई सोय केली राव — नऊ वर्सांपूर्वीचं बिल, आमी समजत व्हतो उंदरांनी कवाच खाल्लं, आन् तुमी झेरॉक्स घेऊन दारात! आकडा वाचा की मोठ्यानं. एक्केचाळीस हजार सहाशे. माणसं किती? अकरा. म्हंजे माणशी पावणेचार हजाराचं जेवण. माझ्या ह्या हॉटेलात आज राइसप्लेट तीस रुपये हाय. सोन्याचा तांदूळ शिजवला व्हता का मी? — बरोबर, तेच तर इचारायला आलाय तुमी.

आठवतंय की. न आठवायला काय झालं? अठ्ठ्याण्णवचा डिसेंबर. तवा हे हॉटेल न्हवतं. ह्या रस्त्यानं वर गेलं की सरकारी बंगला लागतो ना, तिथं मी खानसामा — रोजंदारीवर. चौदा वर्सं रोजंदारीवर. एक दिवस पत्र आलं, मोठ्या सभागृहाची काटकसर समिती अभ्यासदौऱ्यावर येतीय. कोणतं सभागृह ते तुमच्या कागदावर हाय, मी नाव घेत नाय, मोठ्यांची नावं उपाशीपोटी घेऊ नयेत. कसली काटकसर? तर सभागृहाचीच स्वतःची! सगळ्या सरकारचा खर्च सभागृह तपासणार, मंग सभागृहाचा खर्च कोण तपासणार? तर त्याचीच समिती. चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणत्यात तसं — ओ, चोर मी कुणाला म्हटलं नाय हां, ते लिवू नका. पत्रात लिवलेलं, माणसं अकरा, जेवण साधं शाकाहारी, हारतुरे आणू नयेत. मी म्हटलं, वा! अकरा माणसांची डाळ भिजवली. आल्या नऊ गाड्या. उतरली अडतीस माणसं. समितीचे सदस्य सात, बाकीचे मेव्हणे, साडू, साडूचे मेव्हणे, आन् एकाच्या सासूबाई — आता सासूबाईंनी काटकसरीचा अभ्यास घरातच केला असणार, त्यांना काय दौऱ्याची गरज? पहिला दिवस भीमाशंकराचं दर्शन. परत आल्यावर साधं शाकाहारी म्हंजे गावरान कोंबडी आन् मटण. ज्यांचा सोमवार व्हता त्यांना भगर आन् शेंगदाण्याची आमटी. आन् ज्यांचा सोमवार निम्माच व्हता त्यांना मासवडी — नाव माशाचं, आत नुसतं बेसन. दुसऱ्या दिवशी बैठक. पंचवीस मिनिटं. तेवढ्यात लाइट गेली. पण पंचवीस मिनिटांत केवढं मोठं काम केलं बघा — सभागृहाच्या शिपायांना गणवेश धुवायला साबणाचे पैसे मिळायचे, धुलाई भत्ता म्हणायचे त्याला, तो बंद करायचा ठरला. वर्साला एकसष्ट हजार वाचणार. टाळ्या वाजवल्या. मंग ताटं वाढली.

आन् ह्या सगळ्या वरातीत एक माणूस — तुमचा पक्षकार, धर्माजी. आणे पठारावरचा. तिकडं सभागृहात हिशोब खात्यात व्हता, समितीचा अहवाल लिवायला बरोबर आणलेला. वाळका, बारीक, बोलायला एकदम कमी. सगळे हॉलमधी बसलेले, आन् हा माणूस माझ्या स्वयंपाकघराच्या पायरीवर येऊन फडकं सोडून बसला. बाजरीची भाकर, ठेचा. मी म्हटलं, "साहेब, आत ताट वाढलंय." म्हणला, "नको भाई, माझं हाय." दोन्ही दिवस तेच. मीबी पुन्यांदा इचारलं नाय. तवा चौदा वर्सं लोकांना वाढत व्हतो. कोण का जेवत नाय, ते आमाला सांगावं लागत नाय, वकीलसाहेब. — असो. त्याचा ह्या बिलाशी काय संबंध? दुसऱ्या दिवशी दुपारी तो चुलीपाशी आला आन् सरळ इचारलं, "सत्तारभाई, खरा खर्च किती?" मी सांगितला. सहा हजार दोनशे चाळीस — कोंबड्या, मटण, किराणा, सरपण सगळं धरून. त्यानं डायरीत टिपून घेतलं. खोटं कशाला सांगू? त्या दिवशी मी खरंच बोललो व्हतो.

मंग बिल कसं फुगलं? सोपं हाय. गाड्या निघायच्या टायमाला अध्यक्षांचा पीए आला, सफारीतला. "सत्तार, बिलबुक आण. हितं सही कर. आकडा आमी हापिसात टाकतो, तुला कशाला तरास?" आता मोठ्या माणसानं आपला तरास वाचवला तर आपण नाय म्हणायचं का? केली सही. कोऱ्या बिलावर. पैसे जाग्यावर दिले, सहा हजार दोनशे चाळीस, पुरे. — वर? वर काय? वर काय नाय. — आता असं बघू नका माझ्याकडं. दोन हजार दिलं. बक्षीस म्हणून. तुमच्या पुस्तकात त्याला दुसरा शब्द असंल, तवा बक्षीसच म्हणत व्हते.

तर धर्माजीनं तिकडं जाऊन अहवाल लिवला. चांगला लिवला म्हणत्यात, काटकसरीवर चाळीस पानं. आन् शेवटी, कुणी सांगितलं नसताना, एक पान जोडलं. त्यात काय? ह्या काटकसर समितीचा ह्या दौऱ्याचा खर्च — गाड्या, डिझेल, भत्ते, जेवण धरून — एक लाख ऐंशी हजार. आन् समितीनं वाचवले वर्साला एकसष्ट हजार. म्हंजे सगळ्या शिपायांनी तीन वर्सं मळक्या कपड्यात हिंडायचं, तवा कुठं ह्या दोन दिवसांची भरपाई! खाली लिवलं, जेवणाचं बिल सहा हजारांचं असून एक्केचाळीस हजारांचं लावलंय, आन् हितनं पुढं सभागृहाचा हिशोब सभागृहाबाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यावा. त्याला वाटलं, सुधारणा सुचवायलाच तर बसवलंय आपल्याला! भोळा माणूस. सुधारणा सुचवायची म्हंजे खालच्यांची सुचवायची, एवढं आमच्या बंगल्याच्या झाडूवालीलाबी कळत व्हतं. ते पान कसं कोण जाणे पेपरात आलं. मंग काय, समितीची अब्रू गेली — असली तर गेली. अहवाल मंजूर झाला, फकस्त ते पान सोडून. धुलाई भत्ता बंद झाला. आन् पुढच्या वर्साला म्हणं दुसरी समिती नेमली, शिपायांचे गणवेश मळके का दिसत्यात त्याचा अभ्यास करायला. थंड हवेच्या ठिकाणी गेली ती, आमच्याकडं नाय आली.

धर्माजीची चौकशी लागली. खोटे आकडे घालून सभागृहाची बदनामी केली म्हणून. आन् त्या चौकशीत साक्षीदार एकच — मी. दोन अधिकारी आले, जीपमधनं. लई गोड बोलले. "सत्तारभाई, बिल बरोबर हाय एवढं लिवून द्या. तुमच्या कायम नोकरीची फाइल कवापासनं पडलीय म्हणं?" बघा, मोठ्या लोकांना किती बारीकसारीक माहिती असती. घरात बायकोचं, जोहराबीचं, ऑपरेशन व्हायचं व्हतं, पोरगा तालिब शाळेत. दिलं लिवून. बिल बरोबर हाय. — हो, तो दुसरा कागद तुमच्याकडं असणारच. मला ठाऊक हाय त्यात अजून एक ओळ हाय. "सदर धर्माजी यांनी खर्च कमी सांगावा म्हणून माझ्यावर दबाव आणला." त्याच ओळीवर त्याला धरला. अकरा महिने निलंबित, मंग खालच्या हुद्द्यावर, दोन वेतनवाढी कायमच्या गेल्या, रेकॉर्डरूमच्या तळघरात बसवला रिटायर होईपर्यंत. आज पेन्शनबी त्या खालच्या पगारावरच मिळती, त्याचीच केस तुमची. बरोबर?

अधिकाऱ्यांनी सांगितली ती ओळ, असंच लिवणार ना तुमी?

नाय, वकीलसाहेब. त्यांनी नाय सांगितली. त्यांना पहिली ओळच पुरे व्हती. ती दुसरी मी माझ्या मनानं घातली. — का म्हंजे? आता का ते… पायरीवर बसून भाकर खाल्ली ना त्यानं. दोन दिवस. मला वाटलं, सत्तारच्या हातचं नको याला. तोंडावर गोड "भाई, भाई", आन् ताट इटाळतं. आमी आयुष्यभर बघितलंय ते, कुणी ताट सारतं, कुणी "उपास हाय" म्हणतं. डोक्यात राग व्हता. पेन हातात व्हता. लिवली. एका ओळीला किती वेळ लागतो? आन् मंग मी कायम झालो बरं का. पाच वर्सं कायम खानसामा, रिटायर होईपर्यंत. पेढे वाटले.

दोन वर्सांपूर्वी तो आला. हितं, ह्याच बाकड्यावर. बायको बरोबर व्हती, चिमाबाई. भीमाशंकराहून परत चालले व्हते. मी ओळखलं आन् गल्ल्यामागं खाली वाकून बसलो, काय शोधतोय असं दाखवत. त्यानं हाक मारली, "सत्तारभाई, मटण हाय का?" वाढलं. जेवला हो. चांगला जेवला, रस्सा दोनदा मागून घेतला, हाडं चोखली. चिमाबाईनं ताट घेतलं नाय. पाणी ठेवलं तिच्यापुढं, तेबी पिली नाय. माझ्याकडं बघत बसली. जाताना तो म्हणला, "तवा तुमच्या हातचं ऱ्हाऊन गेलं बघा. सरकारी जेवणभत्ता घेतला व्हता ना मी — भत्ताबी घ्यायचा आन् फुकटबी जेवायचं, हे बरं नाय दिसत." एवढंच. म्हंजे… एवढंच व्हतं ते. मी तोंड उघडायच्या आत म्हणतोय कसा, "तुमची रोजंदारी व्हती, पोर लहान व्हतं, मला समजतं सगळं." आन् गेला. त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी सुखानं झोपलो असतो. त्या चिमाबाईचंच खरं व्हतं, वकीलसाहेब. माणसानं असं वागावं.

पाजा अजून एक चहा रे, साहेबांना!

द्या तो कागद. नाय, तुमी लिवू नका, मी लिवतो. वकिलाची भाषा आली की सगळं खोटं वाटायला लागतं. बिल कोरं व्हतं. खर्च सहा हजार दोनशे चाळीस. दबाव कुणी आणला नाय, ती ओळ माझी. — दोन हजार? तेबी लिवतो. — तालिबचं काय इचारता? त्याच बंगल्यावर हाय, कंत्राटी. जूनमधी कायम करतो म्हणत्यात. आता करत्यात का बघू. नाय केलं तर भजी तळंल हितं, हात हायेत त्याला.

हं. झाली सही. पण एक अट हाय. धर्माजीला आत्ताच जाऊन सांगायचं नाय. कोर्टात कळंल तवा कळंल. आज सांगितलंत तर उद्या सकाळच्या गाडीनं ह्या दारात उभा राहील तो, हात जोडून, "सत्तारभाई, लई उपकार झाले" म्हणत. — हसू नका. तो म्हणंल. तुमी ओळखत नाय त्याला, तुमी नुसते वकील हाय त्याचे. ते ऐकून घ्यायची ताकद माझ्यात नाय.

ठेवा ते पाकीट आत. चहाचे पैसे कुणी मागितले? घोडेगावची एसटी आली बघा, हात करा, नायतर थांबायची नाय. उठा. उठा म्हणतो ना!